दोनशे बाराव्या पानाचा शेजारी

मी एक जुनं मेमरी कार्ड आहे. अंगठ्याच्या नखाएवढा माझा जीव, आणि पोटावर आठ सोनेरी पट्ट्या. त्यांतली एक थोडी खरवडली आहे, पण चालतं. मित्रांनो, तुमच्याही घरातल्या एखाद्या खणात, सुटी बटणं आणि किल्ल्यांमध्ये, माझी भावंडं पडलेली असतील. ती काही बोलत नाहीत, कारण आम्हांला बोलायला दुसऱ्याचं यंत्र लागतं. सध्या मी चष्म्याच्या एका डबीत पडलोय, हाताशी वेळच वेळ आहे, म्हणून माझी हकीकत सांगतो.

कारखान्यात आम्ही हजारोंनी जन्मलो, त्यामुळे बालपणाचं कौतुक असं काही नाही. माझी पहिली नोकरी होती घरं भाड्याने लावून देणाऱ्या एका दलालाच्या कॅमेऱ्यात. चार वर्षं मी रिकाम्या खोल्यांचे फोटो सांभाळले. भिंतीवरचे खिळे, कपाट हलवल्यावर उरलेली पांढरी चौकट, खिडकीत विसरलेली एखादी चहाची बशी. माणूस एकाही फोटोत नाही. माझ्या स्वभावात जो एकटेपणा आहे तो तिथूनच आला असावा. मग दलालाने चांगला फोन घेतला, कॅमेरा विकला, आणि मी फोनदुरुस्तीच्या एका दुकानात स्क्रूंच्या डब्यात जाऊन पडलो. तिथे तीन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही.

त्या दुकानात दुरुस्ती करणारी एक बाई होती. हाताने चपळ, बोलायला फटकळ. एका दुपारी तिने मला डब्यातून उचललं, संगणकाला लावलं आणि आत काय आहे ते न बघता पुसून टाकलं. माझ्या सगळ्या खोल्या दोन मिनिटांत गेल्या. दुखलं नाही, पण वाईट वाटलं. मग तिने माझ्यात अँड्रॉइड भरलं. फोन ज्याच्यावर चालतात तेच, पण कुणा हौशी मंडळींनी पुस्तकं वाचायच्या एका जुन्या ई-रीडरसाठी कापून बेतून दिलेलं. सोबत शंभरेक मराठी पुस्तकं भरली आणि एक शब्दकोशही. मला एकदम पोट भरल्यासारखं झालं.

तो ई-रीडर तिच्या मावशीचा होता. मावशी आता नव्हती. मावशी आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे या बाईचे मामा, दोघांनीही लग्नं केली नव्हती. दोन खोल्यांत मिळून राहायची. मामांनी जन्मभर चष्म्यांच्या काचा घासल्या. मावशी कचेरीत टंकलेखक होती, इंग्रजी तिला सफाईने यायचं, मामांना ते पाट्या वाचण्यापुरतं. मामांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा मावशीने दुपारी तीन वाजता त्यांच्या उशाशी बसून एक इंग्रजी कादंबरी वाचून दाखवायला सुरुवात केली. पडद्यावर इंग्रजी, तोंडातून मराठी, मध्ये कुठे अडखळणं नाही. एक म्हातारा पोस्टमन आणि त्याचं कुत्रं डोंगरापलीकडे एक पत्र पोचवायला निघतात, अशी गोष्ट होती. सात महिने ते वाचन चाललं. मग एका सकाळी मावशीच्या छातीत दुखलं. तिला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. दोनशे बारावं पान तसंच उघडं राहिलं.

आता मामांकडे यंत्र होतं, पण त्यांना वाचता येईल असं त्यात काही नव्हतं. मराठी पुस्तक घातलं की अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसायचे.

"आतलं सगळं पुसून नवीन बसवते," भाची म्हणाली होती. "अर्ध्या तासाचं काम आहे."

"आतल्याला हात लावायचा नाही," मामा म्हणाले. "तिचं पान आहे त्यात."

म्हणून माझी नेमणूक झाली. मी खाचेत असलो की यंत्र माझ्यावर चालू व्हायचं. मला काढलं की ते पुन्हा पूर्वीचं व्हायचं, मावशीच्या पानासकट. जुन्याला धक्का नाही आणि नव्याची सोय, असा हा मामला. पण मित्रांनो, माझ्या बाजूने बघा. त्या यंत्राचं जुनं मन आणि मी एका अंगात राहिलो, पण आमची ओळख कधी झाली नाही. मी जागा असलो की ते झोपलेलं, आणि ते जागं व्हायचं तर मला बाहेर जावं लागे. एवढ्या जवळ राहून इतकं परकं मी दुसरीकडे कुठे राहिलो नाही.

मामा सकाळी माझ्यावर मराठी पुस्तकं वाचत. मी चालू व्हायला दोन मिनिटं घेतो, तेवढ्यात ते चहा गाळून घेत. पान उलटलं तरी आधीच्या पानाची अक्षरं पडद्यावर पुसट दिसत राहतात. मामा त्यावर एकदा म्हणाले, "घाईत घासलेली काच आहे ही." मी मनाला लावून घेतलं, पण त्यांचं बरोबर होतं.

भाचीने त्या इंग्रजी कादंबरीची एक प्रतही माझ्यात ठेवली होती. शब्दावर बोट ठेवलं की मी खाली त्याचा मराठी अर्थ दाखवायचो. मामांना गोष्टीचा शेवट हवा होता. पण ताई, म्हणजे मावशी, जिथे थांबली तिथून एकट्याने पुढे जायचा धीर होईना. म्हणून त्यांनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. दिवसाला दोन पानं, बोट ठेवत, ओठ हलवत. वाचता वाचता मध्येच हसायचे, म्हणजे मला समजायचं की ताईच्या आवाजातलं काहीतरी आठवलं.

एकसष्टाव्या पानावर त्यांनी एका शब्दावर बोट ठेवलं. मी अर्थ दाखवला: पुरले. त्यांनी बोट उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. मी पुन्हा तेच दाखवलं. शब्दकोशाला दुसरं काही सांगता येत नाही. मग त्यांनी त्या ओळीतल्या एकेका शब्दावर बोट ठेवलं, आणि ओळ पुरी झाली तेव्हा पोस्टमनने आपल्या कुत्र्याला एका झाडाखाली पुरलं होतं.

ताईने वाचलेल्या गोष्टीत तर ते कुत्रं दोनशे बाराव्या पानापर्यंत सोबत होतं. नदी ओलांडून आलं होतं.

रविवारी भाची आली तेव्हा मामांनी मला यंत्रासकट तिच्यापुढे सरकवलं. "पुसून टाक ते आतलं. तुझं हे नवीन कायमचं आत बसव."

"का? काय झालं?"

"सात महिने तिने मला काहीबाही वाचून दाखवलं. मला काय, लहान पोर समजली? मी रोज कुत्र्याची काळजी करत बसायचो, आणि ते केव्हाच मेलेलं."

आणि मित्रांनो, आता एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करतो. मला आनंद झाला. माझ्यातलं सगळं आत उतरणार होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला स्वतःचं घर मिळणार होतं. त्यासाठी कुणाचं काय पुसलं जाईल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नाही.

"पुसते," भाची म्हणाली. "पण आधी आत काय आहे ते बघू द्या." माझ्या वेळी तिने हे बघितलं नव्हतं. तिने यंत्र बंद केलं, मला खाचेतून बाहेर काढलं आणि मामांच्या चष्म्याच्या डबीत ठेवलं. पुढचं सगळं मी तिथून ऐकलं.

"मामा, इथे कोपऱ्यात खूण आहे. मावशीने काहीतरी लिहून ठेवलंय."

"असेल. ती खुणा करायची."

"एक नाही, पुष्कळ आहेत. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलंय, यंत्राला मराठी येत नव्हतं ना." मग ती वाचू लागली. "पान एकसष्ट. डॉक्टर म्हणाले, महिनाभर डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही. कुत्रं जगवायचं."

मग ती पुढच्या नोंदीवर गेली.

"पान सत्तर. कुत्रं कुठाय? मागून लंगडत येतंय म्हणावं. पान अठ्ठ्याण्णव. होडी लहान आहे. कुत्र्याला पोस्टमनच्या मांडीवर बसवू. पान एकशे तीस. पोस्टमन एकटाच जेवला असं लिहिलंय. अर्धा पाव कुत्र्याला." भाचीला हसू आलं. "अहो मामा, मावशीने त्याला काय काय करून सांभाळलंय."

"पुढे वाच."

"पान एकशे पंचावन्न." आणि ती थांबली.

"वाच ना."

"धाकट्याचे डोळे केव्हाच बरे झालेत. मला समजलंय. तो सांगत नाही, म्हणून मीही विचारत नाही."

मामांच्या खुर्चीचा आवाज झाला. ते उठले असावेत, किंवा नुसते वळले असावेत. डबीतून मला दिसत नव्हतं. ते म्हणाले, "आठव्या आठवड्यातच बरे झाले होते. मला वाटलं, सांगितलं तर ती वाचायची थांबेल."

भाचीने शेवटची नोंद वाचली. "पान दोनशे बारा. आता पत्र द्यायचं ते दार आलंय. पोस्टमन आत जाणार. कुत्र्याचं काय करावं? उद्या धाकट्यालाच विचारते."

तो उद्या आलाच नव्हता. मामा रडले. आता डॉक्टरांची मनाई नव्हती, त्यांनी ते थांबवलं नाही. भाचीने त्यांना पाणी दिलं आणि समोर बसून राहिली.

"कुत्रं आधी आत जाईल," पाणी पिऊन मामा म्हणाले. "त्याला कुठे रीतभात आहे? पोस्टमन बाहेर पाय पुसत उभा राहील."

"असं लिहू?"

"लिही. तिच्या नोंदीच्या खालीच लिही."

त्या दिवशी काहीच पुसलं गेलं नाही. माझं घर झालं नाही, आणि आता त्याची खंतही नाही. सकाळी मी खाचेत असतो, मामा मराठी वाचतात. दुपारी तीन वाजता ते मला बाहेर काढतात. मामा दोनशे तेराव्या पानावरून पुढे निघालेत. पानावर काय लिहिलंय ते बघत नाहीत. ताई उलटायची तसं पान उलटतात आणि आपल्या मनाने मोठ्याने गोष्ट सांगतात. मला त्या कादंबरीचा खरा शेवट माहीत आहे, ती माझ्यात सबंध पडून आहे. पण मला तो कुणी विचारत नाही. मी डबीत एकटा पडून मामांचा शेवट ऐकतो, आणि मला तो जास्त आवडतो.

मित्रांनो, आम्हां कार्डांना काढायचं असेल तर आधी यंत्र नीट बंद करा, ओढाताण करू नका. आणि काही पुसायची वेळ आलीच, तर आधी एकदा आत बघून घ्या. माझ्या रिकाम्या खोल्या कुणी बघितल्या नाहीत. खिडकीतली ती बशी कुणाची होती, ते आता कधीच समजणार नाही.

तीन वाजले. मामांनी डबीचं झाकण अर्धवट उघडं ठेवलंय. भाची म्हणते, कार्डाला ऐकू थोडंच येतं. मामा म्हणतात, असू दे. पोस्टमन अजून दाराबाहेर पाय पुसतोय, आणि आतून कुत्रं भुंकतंय.