काळी तीनची सुरुवात

“पोरी, उघड्या तारांवरचा सी मेजरच घोटून राहिली तू. फसशील एक दिवस. पहिले पाच सुरांचा मायनर पेंटॅटोनिक घे. आकार बोटांत बसला का गिटारीच्या मानेवर कुठंबी सरकवता येते,” ईश्वरमामानं बजावलं होतं. नाटकमंडळीत गिटार वाजवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं.

रिता हसली होती. “मामा, मोबाइलवर शिकवणारा मास्तर तर म्हणते, नवशिक्यानं सी मेजरच शिकावा!”

मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात ती पहिल्यांदा वाजवायला बसली, तेव्हा गायला आणि पेटीला आसगावचा धनंजय होता. तालमीत पांढरी एकमध्ये, म्हणजे रिताच्या सीमध्येच, बसवलेलं गाणं त्यानं ऐन रंगमंचावर, तिच्याकडे बघत, काळी एकमध्ये उचललं. अर्धाच सूर वर. पण रिताच्या ओळखीच्या तारा परक्या झाल्या. बोटं चाचपडली, थांबली. धनंजयनं माइक ओढला.

“ताई, घरी जा. लेकरू रडून राहिलं असन!”

मांडव खदखदला. सासूच्या कडेवरची तिची तान्ही रंजू खरंच रडायला लागली. रिता ते हसू विसरली नाही, तिनं ते जपून ठेवलं.

मग भात शिजेपर्यंत, रंजू निजेपर्यंत, एक डोळा पाळण्यावर ठेवून तिनं तो पाच सुरांचा आकार घोटला. मानेवर वर नेला, खाली आणला. त्यानंतर मेजर, तोही एकही उघडी तार न छेडता.

पुढच्या मंडईत ती धनंजयला म्हणाली, “सुरुवात गिटारवर करू?”

“कर ना! कोणत्याबी पट्टीत कर. पेटीले काय फरक पडते?”

“पेटीले नाही पडत, दादा.”

तिनं काळी तीन धरली. धनंजयच्या गळ्याला ती फार उंच, पण भरल्या मांडवात माघार कशी घेणार? पहिली ओळ निभावली. अंतऱ्याला आवाज फाटला, चिरकला. कोणीतरी शिट्टी मारली. रिता माइककडे वाकली.

“दादा, घरी जा. घसा बसला असन!”

मांडव पुन्हा तसाच खदखदला. रिताला धानाचं पोतं डोक्यावरून उतरल्यासारखं वाटलं.

न गाता धनंजयनं गाणं शेवटपर्यंत वाजवलं, भाता मिटला, पेटीवर कापड घातलं आणि निघून गेला. त्यानंतर तो कुठल्याच मंडईत दिसला नाही. मामाचा फोनही उचलत नाही.

रिताला पस्तावा नाही. फक्त आसगावची एसटी आली की ती खिडक्या न्याहाळते. आणि तिकडं जाणाऱ्या कुणालाही, आता तुम्हालाही, सांगते, “त्याच्या घरी जरा डोकावून या ना. पेटी वाजून राहिली असन, तर कोणत्या पट्टीत, तेवढं मले कळवा.”