बेचाळीस अंगठे

माझी थोरली बहीण विजयाताई गेली सव्वीस वर्षं चौबे कॉलोनीतल्या आपल्या बैठकीत दर रविवारी इथल्या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळाच्या मुलांना उच्चार शिकवते. फुकट. त्यामुळे तिची किंमत कोणी कधी केली नाही.

यंदा मंडळाचे सचिव इंद्रजीत काळे यांनी हा वर्ग बंद करायचं सुचवलं. इंटरनेटवर उच्चारांची साइट आहे. कोणीही शब्द बोलून टाकायचा, बाकीच्यांनी अंगठा द्यायचा, जास्त अंगठे त्याचा उच्चार सगळ्यात वर. 'नारळ' या शब्दाला सगळ्यात वर स्वतः इंद्रजीतच होते. त्यांच्या तोंडून तो 'नारल' असा पडतो. आडनावही ते 'काले' सांगतात, आधार कार्डावर तसंच आहे.

ताईनं माझ्या ऋताला समजावून पाहिलं. "अगं पोट्टी, जीभ मागं वळव. नारळ."

"आत्या, आपका तो एक ही वोट है. काले अंकल के बयालीस हैं." ऋतानं फोनवरचं 'नारल'चं बटण पुन्हा दाबलं.

"काहून रे दत्तू, हे बेचाळीस लोक कोण आहेत?"

मी चहा ढवळत राहिलो. मी बिनसाखरेचा पितो.

इंद्रजीतनी मंडळाच्या ग्रुपवर अंगठ्यासाठी लिंक टाकली होती, खाली जोडलेले हात. हात जोडून आलेली लिंक आमच्यात ऐकत नाहीत, दाबतात. गोल बाजारात कुकरचं रबर घेता घेता मीही दाबली होती.

मंडळाच्या सभेत ताई एवढंच म्हणाली, "मले वर्ग सोडायचा नाही. पण ज्यांनी अंगठा दिला त्यांनी ऐकून दिला असं एकानं जरी सांगितलं, तर मी चुपचाप घरी बसते."

मी पंख्याकडे पाहिलं. तो बंद होता. मग हात वर करायला सांगितले, शेजारच्यांचे गेले म्हणून माझाही गेला. वर्ग बंद.

लगेच सत्कार. शाल सकाळीच आणून ठेवलेली होती. इंद्रजीत माइकवर म्हणाले, "दीदींचा शाल आणि नारल देऊन सन्मान करून राहिलो."

ताईनं शाल घेतली, नारळाला हात लावला नाही. "आधी त्याचं नाव नीट घे, बाबू. मग घेते."

इंद्रजीत हसले. खिशातून फोन काढून माइकला लावला आणि बटण दाबलं. फोन त्यांच्याच आवाजात म्हणाला, "नारल."

टाळ्या पडल्या. ऋतानंही वाजवल्या.

ताई शाल खुर्चीवर टाकून निघून गेली. इंद्रजीतनी नारळ माझ्या हातात दिला. "भैया, पोहोचवून द्याल."

घरी येऊन मी अंगठा परत घेतला. एक्केचाळीस उरले. सकाळी पाहिलं तर चौपन्न.

नारळ अजून स्कूटरच्या डिकीत आहे. वळणावर गडगडतो.