'अगं'चं कलम

दिनकरराव गुरुजींनी शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं, 'जगाची घटना तयार होत आहे. प्रत्येक घराने एक कलम द्यावे. रविवारी सकाळी आठ वाजता, शाळेत.' एवढं लिहून ते पालमच्या बाजाराला निघून गेले. थोडं थांबून समजावून सांगितलं असतं तर पुढचा घोळ झाला नसता.

आमच्या बौद्धवाड्यात कुणाला शंका आली नाही. आमच्याकडं घटना म्हणलं की एकच, भिंतीवरच्या फोटोत बाबासाहेबांच्या हातात आहे ती. "जगाची आत्ता लिहायलेत व्हय? उशीरच केला," एवढंच माझ्या सासूबाई, सरजाबाई, म्हणाल्या. वरच्या गल्लीत मात्र घटना म्हणजे काहीतरी घडलेलं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतरावरून जे झालं त्यालाही पेपरवाल्यांनी 'घटना'च लिहिलं होतं, आणि त्या घटनेत आमच्या वाड्यातली तीन घरं जळाली होती. त्याला आता आठ वर्षं झालेली. तरी रविवारी पोलीस पाटील सूर्यभान सगळ्यांच्या आधी शाळेत हजर, हातात वही. "घटना कुठं घडली? कोण कोण व्हतं?"

किशनराव तर परभणीहून आणलेलं आंब्याचं कलमच घेऊन आले, पिशवीतल्या मातीसकट. जगाला द्यायचं तर चांगलंच द्यावं, म्हणून पाणी घालून आणलं होतं.

गुरुजींनी मग सगळं उलगडून सांगितलं. त्यांना परदेशी पोस्टाची तिकिटं जमवायचा नाद, त्यापायी ते कुठल्या कुठल्या संस्थांना पत्रं लिहायचे. त्यातल्या एका संस्थेचं उत्तर आलं होतं. साऱ्या जगाचा मिळून एक कारभार असावा, त्याची एक घटना असावी, आणि ती मोठ्या लोकांनी दार लावून न लिहिता साध्या माणसांना विचारून लिहावी, असं त्या मंडळींचं म्हणणं. कलम म्हणजे त्यातला नियम. गावानं सुचवायचा, हात वर करून मंजूर करायचा, गुरुजी इंग्रजीत करून पाठवणार.

सरपंच आबासाहेब अध्यक्ष म्हणून खुर्चीवर बसले आणि कामाला सुरुवात झाली. किशनराव म्हणाले, देशादेशांनी लढाई करायचीच असंल तर पेरणी अन् सुगी सोडून करावी. मंजूर. चतुराबाई म्हणाली, पोरगी जगात कुठंबी दिलेली असो, दिवाळीला तिला माहेरी धाडलंच पायजे. ह्याला बायकांनी दोन्ही हात वर केले. मंजूर.

मग पायरीवरून सासूबाई उठल्या. "माझं बी एक हाय."

"बोल सरजे," आबासाहेब म्हणाले.

"हेच."

"हेच म्हंजे?"

"हे 'बोल सरजे'. आबासाहेब, तुमचं बारसं झालं त्या साली मी तुमच्या वावरात खुरपायला लागले. तुमचे वडील सरजे म्हणायचे, ते वयानं मोठे. मंग तुमी म्हणायला लागले, मी गप ऱ्हाइले. आता तुमचा पोरगा म्हणायलाय, ए सरजे, चल. तर कलम असं लिवा, का म्हाताऱ्या माणसाला कुणी अगं-अरे करू नये. जगात कुठंबी."

दोन दिवस बाई नीट जेवल्या नव्हत्या. मला वाटलं पोट बिघडलंय. आता कळलं, हे वाक्य घोकणं चाललं होतं.

मागून कुणीतरी म्हणालं, "सरजेला बी विद्यापीठासारखं नामांतर पायजे जणू."

"नामांतर न्हाई मागायले, बाबा," सासूबाई मागं न बघताच म्हणाल्या. "हाय तेच नाव पुरं घ्या म्हणायले."

गुरुजींनी डोकं खाजवलं. "अडचण अशी आहे सरजाबाई, इंग्रजीत अगं आणि अहो एकच आहे. यू. तुमचं कलम इंग्रजीत केलं तर असं होईल की कुणाला यू म्हणू नये, यू म्हणावं."

"म्हंजे तिथल्या राणीला बी यू अन् तिच्या धुणंवालीला बी यू?" किशनरावांनी विचारलं.

"हो."

"मंग त्यो यू अगं हाय का अहो?"

गुरुजींनी वीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं, पण हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आबासाहेबांचा चेहरा उजळला. "मंग झालं की. सायबालाच लागंना तर आपून कशाला घोळ घालायचा? जगाला एकच शब्द असू द्या."

"असू द्या," सासूबाई म्हणाल्या. "एकच ठिवू. कोणता ठिवायचा तेवढं अध्यक्षांनी सांगावं. अरे ठिवला तर मी आजपासून अरे आबा म्हणते. माझी ना न्हाई."

कमलबाई, आबासाहेबांच्याच घरच्या, पदर तोंडाला लावून हसल्या. आबासाहेबांनी बराच वेळ शाळेच्या पत्र्यांची पाहणी केली.

"अहो ठिवा," ते पत्र्यांना म्हणाले.

हात वर झाले. गुरुजींनी इंग्रजीत लिहिलं, की आमच्या भाषेत दोन शब्द आहेत, त्यातला मोठा सर्वांना लागू करावा. खाली अध्यक्षांची सही झाली.

जगानं त्याचं काय केलं, कळलं नाही. गावात मात्र आबासाहेबांची पंचाईत झाली. अगं म्हणावं तर स्वतःची सही आडवी येते, अहो म्हणायला जीभ वळत नाही. पण मराठीत अशा माणसांसाठी एक पळवाट आहे. "काय चाललंय? जेवण झालं का? कुठं निघणं झालं?" पंधरा दिवस ते सासूबाईंशी असंच बोलले, मधल्या हवेशी बोलल्यासारखं. बाई पण तशाच. "झालं जेवण. निघणं झालं वावराकडं."

मग कापूस फुटून लोंबायला लागला आणि आबासाहेब आमच्या दारात आले. सासूबाई ज्वारी पाखडत होत्या.

"उद्या वेचणीला यायचं का?"

"यायचं की. कुणाला बोलवणं हाय?"

"म्हंजे?"

"घरात आमी तिघी. मी, सून, नात. कुणाला बोलवायले ते कळाया पायजे ना."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी कोंबडीकडं बघितलं.

"सरजाबाईला," ते शेवटी म्हणाले.

सुपाचा आवाज थांबला नाही. बाई पाखडतच राहिल्या, जणू काही ऐकूच आलं नाही. आबासाहेब एकदा वळले, दोन पावलं गेले. कापूस वाऱ्यावर होता, परत आले.

"सरजाबाईंना," ते हळूच म्हणाले.

सूप थांबलं. 'ला'चा 'ना' झालेला मी माझ्या कानांनी ऐकला.

"येते," सासूबाई म्हणाल्या. आबासाहेब गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत त्या तशाच बसून होत्या, सुपात हात ठेवून. डोळ्यात कोंडा गेला म्हणून पदरानं पुसत होत्या.

मग म्हणाल्या, "ए पंचफुले, बघत काय बसलीस? ऊठ गं, उद्यासाठी कापसाची गाठोडी बांधायला फडकी काढ."

मी उठले. सुनांचं कलम त्या सभेत कुणी मांडलंच नव्हतं.