कोरडा राहिलेला तुकडा

नाशिकच्या बाहेर, चिमणाबाईच्या झेंडूच्या मळ्यामागे जो डोंगर आहे ना, तो दर उन्हाळ्यात पेटायचा. गवत जाळलं की नवं जोमानं येतं म्हणून कुणीतरी काडी लावायचं आणि मग सगळ्या गावाची पळापळ. म्हणून पायथ्याला करंज, जांभूळ, कोरफड असा हिरवा पट्टा लावला आणि शहराचं सांडपाणी शुद्ध करून नळानं तिथवर आणलं, फवारे बसवले. ऐन चैत्रात तिथं इतकं गारेगार, की दुपारी टेकलं की डोळा लागायचा आणि आपण कुठल्या मुलखात आहोत तेच कळायचं नाही.

पण पट्ट्याच्या मधोमध होतं डोंगरआईचं ठाणं आणि तिची जुनी राई. सासूच्या मागे चिमणाबाईच तिची पुजारीण, रोज विहिरीच्या पाण्यानं तिला न्हाऊ घालणारी. गटाराचं पाणी देवीच्या अंगावर? छे! पाण्याची चावी सांभाळणारा गेणू तिचा पुतण्या. त्याच्यामागे ती हात धुऊन लागली, शपथ घातली, तेव्हा बिचाऱ्यानं ठाण्यापुरते फवारे बंद केले. तेवढा तुकडा कोरडा ठणठणीत राहिला. बाई मात्र खूश.

एका दुपारी पट्ट्यात तिचा डोळा लागला आणि तिला स्वप्न पडलं. आभाळातून राख झरत होती, झेंडूच्या पाकळ्यांसारखी मऊ. जागी झाली तरी राख झरतच होती. डोंगर पेटला होता. जाळ पट्ट्यापाशी यायचा, ओली पानं हुंगायचा, मागे सरायचा. मग वाट सापडल्यासारखा तो त्या कोरड्या तुकड्याकडे वळला. राईच्या कडेचं बांबूचं बेट तडतडलं तेव्हा चिमणाबाईच्या ध्यानात आलं. देवीच्या दारात आगीला वाट आपणच करून दिली होती.

गेणू धावत चावीपाशी पोचला, पण हात लावेना. शपथ होती ना! तो नुसता काकूच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सोड," ती म्हणाली. "माझं सोवळं ऱ्हाऊ दे बाजूला. सोड पाणी."

फवारे फुसफुसले आणि एकदम उंच उडाले. धूर आणि पाणी मिळून पांढरं धुकं झालं, त्यात सगळी राई तरंगल्यासारखी दिसू लागली. बांबूचं बेट गेलं ते गेलंच, पण जाळ तिथंच विझला. चिमणाबाई चिंब भिजत देवीपाशी गेली. देवीच्या अंगावरून शेंदूर ओघळत होता. तिनं पाणी मुद्दाम हुंगून पाहिलं, कसलाच वास नव्हता. तिला रडू आलं आणि आपण रडतोय याचा रागही आला.

तेच पाणी ओंजळीत धरून तिनं देवीच्या डोळ्यांतली राख पुसली.

"आई," ती म्हणाली, "अख्खं नाशिक ज्यात न्हालं, त्यातच आज तूबी न्हालीस. राग आसंल तर माझ्यावर काढ, पाण्यावर नको."