मधली सीट

माझ्या हाताखालून गेलेली गाडी जागच्या जागी थांबते. बारा वर्षं मी ही बढाई मारतो आहे. ती खरी आहे, हेच तर दुखणं आहे.

धाकट्या बहिणीने टेम्पो माझ्या गॅरेजात पाठवला तोही डाफरूनच. "दादा, ब्रेक दाबला की आमचा टेम्पो आधी विचार करतो, मग थांबतो. मी रोज पोरीला मांडीवर घेऊन मधल्या सीटवर बसते. नीट काम कर, नाहीतर तुझं तोंड बघणार नाही."

मी जीव ओतून काम केलं. दुपारी दाजी आले, शेजारच्या दुकानातून त्यांनी लोखंडी पाइप भरले आणि मागच्या बाजूने दोर करकचून आवळला. पुढून काहीच बांधलं नाही. पाइप पडले तर मागे पडतील, पुढे केबिन आहेच, असं आम्ही दोघं शहाणे आयुष्यभर धरून चाललो होतो.

बहीण आणि भाची चौकात भेटणार होत्या. मी खिडकीशी बसलो. मध्ये भाचीची छोटी उशी होती.

रस्ता मोकळा दिसला आणि माझी बढाई उसळली. "दाजी, दाबा जोरात. बघाच!"

दाजींनी दाबला. टेम्पो खिळल्यासारखा थांबला. पाइप थांबले नाहीत.

केबिनची मागची काच फुटली, कानठळ्या बसल्या. भानावर आलो तेव्हा आमच्या दोघांच्या मधून एक पाइप पुढच्या पत्र्यात घुसला होता, उशीच्या आरपार. दाजी नुसते "अहो दादा, अहो दादा" म्हणत होते.

जुना ब्रेक गाडी हळूहळू थांबवायचा, पाइपही तिच्याबरोबर हळूहळू थांबायचे. आज मी फक्त गाडी थांबवली. पाइप आधीच्याच वेगाने पुढे आले आणि त्यांना अडवायला नुसती काच होती. मी ब्रेक इतका चांगला केला नसता, तर हे झालंच नसतं.

फोन वाजला.

"दादा, आम्ही चौकात आलोय. लागतात ना रे ब्रेक?"

"लागतात," मी म्हणालो. आवाज माझा वाटेना.

"मग या लवकर. तुझ्या भाचीला झोप येतेय, उशी मागतेय."

"चालत जा घरी," मी ओरडलो. मग रडूच फुटलं. "ऐक माझं, आज चालत जा."