सोळा आणे निकाल आणि दोन मुली

मी एक जुना काळा फळा आहे, मित्रांनो, आणि इतकी वर्षे झाली तरी माझा राग गेलेला नाही.

माझे लाकूड सोयगावकडच्या डोंगरातले, सागाचे. औरंगाबादेत सांडू मिस्त्रीने दोन फळ्या जोडून मला तयार केले आणि कोळशाची पूड घोटून काळे केले. तेव्हा आपल्याकडे निजामाचे राज्य होते. शहागंजामागच्या एका गल्लीत मुलींची खासगी शाळा होती, तिच्या मोठ्या वर्गात मला टांगले. शाळेतल्या मुली पुढे मिडलच्या सरकारी परीक्षेला बसत. राज्यभर त्या परीक्षेचा एकच पेपर निघे, आणि त्यात अपूर्णांकांची गणिते हमखास असत. निम्म्या मुली तिथेच गळत.

गणित शिकवायला आबेदाबी होत्या. मुली त्यांना उस्तानीबी म्हणत. माझ्या दोन फळ्यांच्या मध्ये सांध्याची एक आडवी चीर होती. आबेदाबी त्या चिरेच्या वर एक आकडा लिहीत, खाली एक. "वरचा अंश, खालचा छेद," त्या सांगत. "पर्च्यात उर्दूत नसबनुमा लिहून आलं तरी घाबरू नका. खालचाच आकडा तो. एकूण भाग किती, ते खालचा सांगतो. खालच्याला विसरला तो फसला."

त्या साली वर्गात आठ मुली होत्या. सर्वांत हुशार वच्छला. तिची बोटे खडूला लागली की उत्तर तयार. सगीरा ही चांदपाशा टांगेवाल्यांची मुलगी. ती मन लावून शिके, पण अर्धा आणि एक तृतीयांश यांची बेरीज ती नेहमी दोन छेद पाच अशी करी. वरचे वर मिळवायचे, खालचे खाली मिळवायचे. तिच्या शेजारी बसे भागू. ती हर्सूलहून चालत येई आणि तिचीही चूक तीच असे.

एके दिवशी आबेदाबींनी भागूच्या फडक्यातली भाकरी मागून घेतली. तिचा अर्धा तुकडा सगीराच्या हातावर ठेवला.

"ह्यात अजून पुऱ्या भाकरीचा तिसरा हिस्सा टाकला, तर वाढंल का कमी व्हईल?"

"वाढंल, उस्तानीबी."

"मग दोन छेद पाच तर अर्ध्याहून कमी आहे. तुझी भाकर कुठं गेली ग?"

सगीरा हसली. भागूही हसली. आबेदाबींनी भाकरीचे सहा सारखे भाग करून दाखवले. तीन भाग आणि दोन भाग मिळून पाच. पाच छेद सहा. त्या दिवसापासून दोघींना वाट दिसू लागली. त्या हळू चालत होत्या, पण चालत होत्या.

परीक्षेच्या दोन महिने आधी शाळेने चाचणी घेतली. सगीरा आणि भागू थोडक्यात मागे पडल्या. दुसऱ्या दिवशी शाळेचे अध्यक्ष आप्पासाहेब वर्ग सुटल्यावर आले. ही शाळा त्यांनीच उभी केली होती, हे मला मान्य आहे.

"उस्तानीबाई, सगीराचं आणि भागूचं नाव यंदा पाठवू नका," ते म्हणाले.

"का हो? अजून वेळ आहे. पोरी सुधारायल्या."

"मागच्या साली तिघी नापास झाल्या, तर गाव काय म्हणालं ठाऊक आहे ना? मुलींना गणित झेपत नाही, शाळा बंद करा. यंदा मला सोळा आणे निकाल पाहिजे. नाहीतर शाळाच राहायची नाही."

"आन् ह्या दोघी?"

"शिवणकामाला बसवा मागं."

आबेदाबी बराच वेळ वाद घालत होत्या. पण नावे पाठवण्याचा अधिकार त्यांच्या हाती नव्हता. मित्रांनो, मला हात असते तर मी ते भांडण माझ्या अंगावर मोठ्या अक्षरांत लिहिले असते.

सहा मुली परीक्षेला बसल्या आणि सहाही पास झाल्या. वच्छला पहिली आली. मग आप्पासाहेबांनी रंगीत खडू आणवले आणि माझ्यावर वेलबुट्टी काढून लिहिले, 'निकाल सोळा आणे'. लोक आले, पेढे वाटले गेले. माझी किती स्तुती झाली. अक्षर कसे उठून दिसते, म्हणाले. जन्मभर माझ्यावर चुकीची उत्तरे लिहिली गेली, पण ती शिकण्यासाठी होती आणि लगेच पुसली जात. हे खोटे मात्र कोणी पुसू देईना.

पुढच्या आठवड्यात सरकारी तपासणीच्या बाईसाहेब आल्या. त्यांनी फळा वाचला आणि वच्छलाला उभे केले.

"सोळा आणे म्हणजे अपूर्णांकात किती, बेटी?"

"सहातल्या सहा पास, सहा छेद सहा. म्हणजे पूर्ण एक," वच्छला म्हणाली. मग तिने मागे सगीराकडे पाहिले. "पण बाईसाहेब, वर्गात आम्ही आठ जणी होतो."

तिने खडू घेतला आणि वेलबुट्टीच्या खाली लिहिले, सहा छेद आठ. त्याच्यापुढे तीन छेद चार. "पाऊण," ती म्हणाली. "खालचा आकडा बदललाय."

"वच्छला, बस खाली," आप्पासाहेब म्हणाले.

"राहू द्या तिला," बाईसाहेब म्हणाल्या. "बाकीच्या दोघी कुठं आहेत?"

सगीरा मागून उठली. बाईसाहेबांनी तिला अर्ध्यात एक तृतीयांश मिळवायला सांगितले. सगीराने छेद सारखे केले, एकदा पुसले, पुन्हा केले आणि पाच छेद सहा लिहिले.

"पुढच्या साली हिचं नाव गेलंच पाहिजे," बाईसाहेब आप्पासाहेबांना म्हणाल्या. "दुसरी?"

आबेदाबी म्हणाल्या, "तिचं लगीन झालं. गंगापूरला दिली. बाप म्हणाला, शाळाच हिला नको म्हणती, तर पोरीला घरी ठेवून काय करू?"

आप्पासाहेबांनी स्वतः उठून माझ्यावरचा निकाल पुसला. सगीरा पुढच्या वर्षी पास झाली. पहिली नाही, मधलीच कुठेतरी. चांदपाशांनी त्या दिवशी उस्तानीबींना टांग्यातून घरी सोडले आणि भाडे घेतले नाही.

आता मी अडगळीत आहे. माझा काळा रंग उडाला, कोपरा वाळवीने खाल्ला. त्याचे मला फारसे दुःख नाही.

पण भागूचे काय, ते मला सांगितलेच पाहिजे. लग्नाआधी ती शाळेची पाटी परत द्यायला आली होती. वर्गात कोणी नव्हते. तिने खडू उचलला आणि चाचणीत चुकलेले गणित माझ्यावर मांडले, पाऊणातून दोन तृतीयांश वजा. बारा हा सामाईक छेद तिने काढला. नऊ वजा आठ. उत्तर आले एक छेद बारा, अगदी बरोबर. तिने ते थोडा वेळ पाहिले, मग पदराने पुसले आणि हर्सूलच्या वाटेला लागली.

मित्रांनो, हळू शिकणारे मूल तुमच्या वर्गात असेल, तर त्याला मोजा. भागूला येत होते.