गाळलेलं स्तोत्र

नीलाच्या पत्राला कृष्णकांतने उत्तर दिलंच नव्हतं. वर्ध्याहून आलेलं ते पत्र त्याने बायबलच्या मागच्या पानात सारून ठेवलं होतं. धाकट्या बहिणीने लिहिलं होतं, "दादा, फोनवर तू बरं, बरं म्हणून सुटशील, म्हणून पत्र. नाताळाआधी तुझ्याकडेच, धंतोलीतल्या दवाखान्यात माझं ऑपरेशन आहे. आईले वाचून दाखवलं होतं ते तेविसावं स्तोत्र, मले आत नेण्याआधी वाचून दाखवशील?"

तिथेच त्याचा जीव अडकला होता. बाबा गेले ते हे स्तोत्र ऐकता ऐकता. आईसुद्धा. दोन्ही वेळा वाचणारा तोच. कब्रस्तानातून परतताना एक चुलता म्हणाला होता, "कृष्णाने पुस्तक उघडलं का समजून घ्यावं, माणूस चालला गा!" लोक हसले. कृष्णकांतने मात्र ते मनात धरलं.

मनीषनगरच्या घरात रोज सकाळी चहाआधी वाचन होई. बायकोला, ताराला, मोतीबिंदू, म्हणून तो वाची आणि ती ऐके. एकही अध्याय गाळायचा नाही, ही बाबांची शिस्त. पण बाविसाव्या स्तोत्रानंतर तो हळूच चोविसावं काढी.

त्या सकाळी हवा कोंडलेली होती. समोरच्या गच्चीवर घारी येऊन बसल्या होत्या. त्याने पान उलटलं.

"काहून जी, दर खेपेले हेच गाळता. मले काय समजत नाही?" तारा म्हणाली.

"तुझ्यासमोर नको."

"वाचा. मी काही मरत नाही. अजून कुकर लावाचा आहे."

तो वाचू लागला. मृत्यूच्या छायेच्या दरीची ओळ आली आणि त्याने ताराकडे पाहिलं. ताराचे डोळे मिटलेले. मांडीवरचा हात हलेना.

"तारा!"

"ऐकून राहिली ना मी. पुढे वाचा."

पुढे? दोन्ही वेळा इथेच रडारड उठली होती आणि त्याने पुस्तक मिटलं होतं. पुढच्या ओळी पाठ होत्या, पण मरणाऱ्याजवळ त्या त्याने कधी उच्चारल्याच नव्हत्या. आता उच्चारल्या. त्या दरीत माणूस एकटा नव्हता, कोणीतरी बरोबर चालत होतं. इतकी वर्षं तो आईबाबांना दरीतच सोडून आला होता.

दुपारी त्याने लिहिलं, "नीला, येतो. शेवटपर्यंत वाचीन."

भीती गेली नव्हती. पत्र धरलेला हात टपालपेटीत घालून तो थांबला. डोक्यावर घारी फिरत होत्या. आत पाहिलं तर नुसता अंधार.

त्याने बोटं सोडली.